अमेरिकेत द्वेषगुन्ह्याची नोंद होते म्हणजे नेमकं काय होतं?

ओंजळ | १४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, एक पोलीस रिपोर्ट माझ्या टेबलावर पडून आहे. माझा नाही. आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, साठी उलटलेल्या, मुलाकडे राहतात. सप्टेंबरमध्ये एका रात्री कुणीतरी त्यांच्या गॅरेजच्या दारावर लाल रंगाने शिवी लिहिली आणि खाली लिहिलं, तुमच्या देशात चालते व्हा. पुढच्या दाराचं तोरण ओढून काढलं आणि पायदळी तुडवलं. सकाळी मुलाने फोन केला, शेरीफच्या म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पोलीसप्रमुखाच्या ऑफिसातून एक डेप्युटी, म्हणजे त्याच्या हाताखालचा अधिकारी, आला. अतिशय सभ्य माणूस. त्याने फोटो काढले, दाराची किंमत विचारली, शेजाऱ्यांकडे कॅमेरा आहे का पाहिलं.

रिपोर्टची प्रत मिळाली तेव्हा काकूंनी ती मला वाचून दाखवायला सांगितली. गुन्ह्याचा प्रकार: मालमत्तेची नासधूस. नुकसान: गॅरेजचं दार, रंगकाम. तपशिलात एक वाक्य, 'दारावर आक्षेपार्ह मजकूर आढळला.' संपलं. तोरणाचा उल्लेखच नाही.

काकू म्हणाल्या, "अगं, दाराची किंमत लिहिली, मग दारावर काय लिहिलं होतं ते का नाही लिहिलं?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून वाचायला लागले. जे सापडलं ते इथे मांडते.

द्वेषगुन्हा म्हणजे बळीचा वंश, धर्म अशा गोष्टींबद्दलच्या पूर्वग्रहातून केलेला गुन्हा. अशा गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करण्याचा केंद्रीय कायदा २३ एप्रिल १९९० ला झाला. राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी त्यावर सही केली. कायद्याने ॲटर्नी जनरलवर (केंद्राच्या न्याय खात्याच्या प्रमुखावर) दरवर्षी आकडे गोळा करण्याची जबाबदारी टाकली आणि ते काम एफबीआयकडे आलं. पण अडचण इथूनच सुरू होते. देशात शहर पोलीस, काउंटी शेरीफ, राज्य पोलीस, विद्यापीठांचे पोलीस अशा मिळून १८ हजारांच्या आसपास यंत्रणा आहेत आणि त्यांनी एफबीआयला आकडे द्यायचे की नाही हे केंद्रीय कायद्याने ऐच्छिक ठेवलं आहे. काही राज्यांनी आपापल्या पोलिसांना बंधन घातलंय, काहींनी नाही.

२०१९ चं वर्ष घ्या. १५,५८८ यंत्रणा या कामात सामील होत्या. त्यांपैकी २,१७२ यंत्रणांनी मिळून ७,३१४ घटना कळवल्या. उरलेल्या सगळ्यांनी शून्य कळवलं. म्हणजे शंभरातल्या ८६ ठिकाणी वर्षभरात एकही द्वेषगुन्हा घडला नाही, असं देशाच्या दप्तरी लिहिलेलं आहे. आमच्या काकूंचं गाव या वर्षीच्या हिशेबात त्याच रांगेत बसणार, असं दिसतंय.

इथे कुणी पोलीस खात्यात, कोर्टात किंवा आकडेवारीच्या कामात असेल तर कृपया लिहा. मला हे शून्य कसं तयार होतं ते समजून घ्यायचं आहे.

सांख्यिक | १४ ऑक्टोबर, रात्री १०:३२

चांगला धागा. मी आकडेवारीतला आहे, पोलिसांतला नाही, तेव्हा माझ्या बाजूने भर घालतो.

अमेरिकेत हे मोजण्याच्या दोन पट्ट्या आहेत. एक तुम्ही सांगितली ती, पोलिसांकडून वर जाणारी. दुसरी म्हणजे न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाची पाहणी. यात पोलिसांना विचारतच नाहीत, थेट घरोघरी जाऊन बारा वर्षांवरच्या लोकांना विचारतात, तुमच्याबाबतीत गेल्या काही महिन्यांत काही गुन्हा घडला का. कुणी म्हणालं की हो, आणि द्वेषातून घडला, तर तेवढ्यावर तो मोजत नाहीत. हल्लेखोराने तसे शब्द वापरले, तशी चिन्हं मागे सोडली किंवा पोलिसांनी तसं सांगितलं, यातलं काहीतरी असावं लागतं. म्हणजे ही पाहणी अगदी सैल हाताने केलेली आहे असं नाही.

तर या पाहणीनुसार २००४ ते २०१५ या काळात वर्षाला सरासरी अडीच लाख लोक द्वेषगुन्ह्याला बळी पडले. त्याच काळात एफबीआयचा आकडा वर्षाला काही हजारांत होता. दोन्हींची एककं वेगळी आहेत, एकात बळी मोजतात आणि दुसऱ्यात घटना, तरी हा फरक एककाने भरून निघणारा नाही.

निम्म्याहून जास्त लोक पोलिसांकडे गेलेच नव्हते. ही पहिली गळती. जे गेले त्यांचं काय झालं, ही दुसरी. तुमच्या काकू या दुसऱ्या गळतीत आहेत, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. लोक तक्रार करत नाहीत, लोकांमध्ये जागृती हवी, असं सगळे म्हणतात. काकूंनी तर तक्रार केली होती.

बिनसावलीचं_झाड | १४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका. रंग कुणी फासला हे माहीत नाही. पोरंटोरं असतील, दारूच्या नशेत कुणी असेल. डेप्युटीने जे दिसलं ते लिहिलं, नासधूस. मनातला द्वेष त्याने कुठून शोधायचा? आणि मुळात माणसाने काय केलं याची शिक्षा द्यावी, काय विचार केला याची कशाला?

वकील_मीरा | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:४८

@बिनसावलीचं_झाड, प्रश्न रास्त आहे आणि तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे.

१९९२ मध्ये सेंट पॉल शहराचा एक नियम न्यायालयाने रद्द केला. तिथे एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या अंगणात क्रॉस जाळला होता, कृष्णवर्णीयांना धमकावण्याची ही जुनी खूण. शहराच्या नियमात विशिष्ट प्रकारची अभिव्यक्ती गुन्हा ठरवली होती, ते राज्यघटनेत बसत नाही असं न्यायालय म्हणालं. क्रॉस जाळणाऱ्याला जाळपोळ, धमकी, दुसऱ्याच्या जागेत घुसखोरी यांखाली पकडता येतं, पण नुसत्या मतासाठी नाही. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, विस्कॉन्सिनचं प्रकरण आलं. केनोशा गावात काही कृष्णवर्णीय तरुणांनी एका गोऱ्या मुलाला, तो गोरा आहे म्हणूनच निवडून मारलं होतं. इथे मात्र वाढीव शिक्षा न्यायालयाने एकमताने मान्य केली. मारहाण हा आधीच गुन्हा आहे आणि बळी कसा निवडला हे शिक्षा ठरवताना बघता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणजे रेघ अशी आहे: आधी गुन्हा हवा, मग हेतू. रस्त्यात नुसतं कुणी 'परत जा' म्हणालं तर तो बहुतेक वेळा गुन्हा नाही, कितीही लागलं तरी. तेच दुसऱ्याच्या दारावर लिहिलं की नासधूस झाली, आणि शब्द तिथेच आहेत, हेतूचा पुरावा म्हणून.

दुसरं, नोंद आणि शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षा वाढवायची तर ज्यूरीसमोर संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. नोंदीसाठी तसं नाही. एखाद्या समंजस माणसाला पटेल इतपत वस्तुनिष्ठ पुरावा असला की पुरे. आरोपी सापडलेला नसला तरी चालतं. 'कोणी केलं माहीत नाही' हे नोंद न करण्याचं कारण होऊच शकत नाही.

रातराणी_व | १५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

दोन दिवस नुसती वाचत बसणार होते, पण राहवत नाही. मी अकरा वर्षं एका काउंटीत पोलिसांच्या रेकॉर्ड्स विभागात काम केलं. वर्दी नाही, साधी कारकुनी. रस्त्यावरून आलेला रिपोर्ट कोडमध्ये बसवून राज्याकडे पाठवायचा, तिथून तो एफबीआयकडे जातो. ओंजळताई, तुम्ही विचारलंत ना शून्य कसं तयार होतं, ते माझ्या टेबलावर तयार व्हायचं.

पूर्वी द्वेषगुन्ह्यासाठी वेगळा फॉर्म होता. घटना घडली तर भरायचा. २०२१ च्या १ जानेवारीपासून एफबीआयने जुनी पद्धत बंद केली आणि सगळ्यांना घटनानिहाय पद्धतीवर यायला सांगितलं. या नव्या पद्धतीत प्रत्येक गुन्ह्याला पूर्वग्रहाचा एक रकाना असतोच. सायकलचोरी असो नाहीतर खून. तो रिकामा ठेवता येत नाही, दोन आकडी कोड टाकावाच लागतो. हिंदूंविरुद्ध असेल तर ८४, शिखांविरुद्ध ८५, मुस्लिमांविरुद्ध २४, ज्यूंविरुद्ध २१, आशियाई वंशाविरुद्ध १४. पूर्वग्रह नाही, तर ८८. हेतू माहीत नाही, तर ९९.

आमच्या संगणकात रिपोर्ट उघडला की त्या रकान्यात ८८ आधीपासून भरलेला असायचा. काही बदललं नाही तर तोच पुढे जायचा. दिवसाला साठ-सत्तर रिपोर्ट हातावेगळे करायचे असतात. कुणी द्वेष लपवायला बसलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई तर फार हळवी होती. पण ८८ बदलायचा तर कारण लागतं, आणि कारण डेप्युटीने लिहिलेल्या तपशिलात असावं लागतं. 'आक्षेपार्ह मजकूर' एवढंच लिहिलं असेल तर मी काय समजायचं? अश्लील चित्रही आक्षेपार्ह असतं. प्रेमभंग झालेल्या पोराने मुलीच्या दारावर लिहिलेली शिवीही आक्षेपार्ह असते.

एफबीआयची पद्धत दोन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी जागेवर गेलेल्या अधिकाऱ्याची. त्याने फक्त 'पूर्वग्रहाचा संशय' एवढीच खूण करायची, निर्णय द्यायचा नाही. दुसरी पायरी प्रशिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्याची किंवा गटाची. त्यांनी सगळं बघून ठरवायचं. ही रचना चांगली आहे, कारण रात्री दोन वाजता थकलेल्या माणसावर एवढा भार टाकू नये. पण पहिल्या पायरीवर खूणच झाली नाही, तर दुसरी पायरी उघडतच नाही. आणि आमच्यासारख्या छोट्या काउंटीत दुसरी पायरी म्हणजे एकच सार्जंट, त्याच्याकडे गाड्यांच्या देखभालीपासून सगळी कामं.

मी नोकरी सोडली तेव्हा आमच्या काउंटीची सलग सात वर्षं शून्य होती. त्या सात वर्षांत मी स्वतः टाइप केलेले निदान तीन रिपोर्ट मला आजही आठवतात, ज्यांत मी ८८ राहू दिला. एक प्रार्थनास्थळाच्या काचेचा होता. मी विचारायला हवं होतं.

ओंजळ | १५ ऑक्टोबर, दुपारी २:०२

रातराणी, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी आत्ता काकूंचा रिपोर्ट परत उघडून पाहिला. त्यात कोडचा रकाना छापलेलाच नाही, पण तुम्ही म्हणता तसा तो आत कुठेतरी ८८ असणार.

सांख्यिक | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:१५

रातराणींच्या प्रतिसादाने मला बऱ्याच वर्षांचं कोडं सुटलं. शून्य कळवणारे आणि काहीच न कळवणारे यांत मी फरक करत असे, पण शून्याच्या पोटातही इतके प्रकार असतात हे आकड्यांकडे बघून कळत नाही. असोसिएटेड प्रेसने २०१६ मध्ये शोध घेतला होता, तेव्हा २,७०० हून अधिक शहर पोलीस आणि शेरीफ ऑफिसं अशी निघाली ज्यांनी सहा वर्षांत एफबीआयला द्वेषगुन्ह्याचा एकही रिपोर्ट पाठवला नव्हता.

२०२१ च्या बदलाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण त्या वर्षाचा आकडा लोक अजूनही चुकीचा वापरतात. नवी पद्धत वेळेत न जमल्यामुळे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस शहरांच्या पोलिसांचे आकडे त्या वर्षीच्या पहिल्या अहवालात आलेच नाहीत. देशातल्या सर्वांत मोठ्या दोन शहरांचे! सामील यंत्रणा ११,८३४ वर आल्या आणि देशाचा आकडा निघाला ७,२६२. २०२० पासून करोना, आशियाई लोकांवरचे हल्ले, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि आकडा मात्र घटलेला. नंतर मार्च २०२३ मध्ये एफबीआयने जुन्या पद्धतीने मिळालेले आकडे धरून पुरवणी अहवाल काढला. त्यात तेच वर्ष १०,८४० झालं. वर्ष तेच, गुन्हे तेच, बदलली ती फक्त मोजणी.

म्हणून कुणी 'यंदा इतके टक्के वाढले' असं म्हणालं की मी आधी विचारतो, मोजणारे किती होते.

थेम्सकाठ | १५ ऑक्टोबर, रात्री ८:४०

इंग्लंडमधून लिहितोय, विषयांतर होणार नाही एवढंच लिहितो. २०२३-२४ या वर्षात इंग्लंड आणि वेल्सच्या पोलिसांनी १,४०,५६१ द्वेषगुन्हे नोंदवले. एफबीआयचा २०२३ चा आकडा ११,८६२ घटना. इथली लोकसंख्या अमेरिकेच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. इथे बारापट, माणशी धरलं तर त्याहूनही कितीतरी जास्त, द्वेष आहे असं मानायचं का? मी दोन्हीकडे राहिलोय, माझा अनुभव तसा नाही.

फरक व्याख्येत आहे. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाचा बसथांब्यावर खून झाला. पोलिसांनी तपासात जी हेळसांड केली त्याची चौकशी मॅकफर्सन समितीने केली, अहवाल १९९९ मध्ये आला. त्यात एक साधं सूत्र होतं: बळीला किंवा दुसऱ्या कुणालाही घटना वंशद्वेषातून झाली असं वाटलं, तर पोलिसांनी ती तशी नोंदवायची. म्हणजे नोंदीच्या पातळीवर काकूंचं म्हणणं ग्राह्य. अमेरिकेत तेच अधिकाऱ्याला पटावं लागतं. याचे तोटेही आहेत. गुन्हा नसलेल्या घटनांची नोंद किती ठेवायची यावरून इथे कोर्टकचेऱ्या झाल्यात. पण निदान सुरुवात तक्रार करणाऱ्यापासून होते.

गोदातीर_८१ | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

मुलांनो, माझं टंकलेखन हळू आहे, सांभाळून घ्या.

आम्ही १९७९ मध्ये न्यू जर्सीत आलो. १९८७ च्या उन्हाळ्यात जर्सी सिटीत स्वतःला डॉटबस्टर्स म्हणवणारी टोळी उभी राहिली. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरचं कुंकू. त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला पत्र पाठवलं, की रस्त्यात हिंदू दिसला, बाई असो की पुरुष, आणि संधी मिळाली तर आम्ही मारू. पत्र छापून आलं. सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकेनमध्ये एका तरुण भारतीयाला टोळक्याने इतकं मारलं की तो गेला. काही दिवसांतच जर्सी सिटीत एका डॉक्टरवर हल्ला झाला, तो कोमात गेला.

माझी पत्नी तेव्हा न्यूयॉर्कला नोकरीला जायची. घरातून निघताना कुंकू पुसायची आणि ऑफिसात पोहोचल्यावर स्वच्छतागृहात जाऊन टिकली लावायची. परत येताना पुन्हा काढायची. वर्षभर. मला हे तिने सांगितलं नव्हतं, मी एकदा तिच्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट आणि ओला रुमाल बघितला तेव्हा कळलं.

त्या काळी देशपातळीवर मोजणीच नव्हती. शेजारच्या कुणाच्या गाडीच्या काचा फुटल्या, कुणाला अंडी मारली, कुणाला ढकललं, सगळं वेगवेगळ्या ठाण्यांत वेगवेगळ्या कागदांवर. एकाच गोष्टीचे हे तुकडे आहेत असं कुणी एका जागी बसून म्हणू शकत नव्हतं. पुढे १९९० मध्ये राज्याने या गुन्ह्यांसाठी कडक कायदा केला आणि त्याच वर्षी ओंजळताई म्हणतात तो केंद्राचा झाला.

मोजल्याने गुन्हा थांबत नाही हे मला माहीत आहे. पण त्या वर्षी आम्ही पोलिसांना सांगत होतो की हे भारतीयांवर ठरवून चाललंय आणि ते विचारत होते, कशावरून? आमच्या हातात दाखवायला काही नव्हतं.

वकील_मीरा | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

आजोबा, वाचून गलबलून आलं. आजींना नमस्कार सांगा.

पाऊसवेडी | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:२५

आजोबांच्या 'कशावरून' या शब्दावरून आठवलं. ५ ऑगस्ट २०१२ ला ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार झाला तेव्हा मी विस्कॉन्सिनमध्येच होते, पाऊण तासाच्या अंतरावर. त्या रविवारी सहा जण गेले, सातवे पुढे २०२० मध्ये त्याच जखमेच्या परिणामांनी. मारणारा गोऱ्यांच्या वर्चस्ववादी चळवळीतला होता.

पण तेव्हा एफबीआयच्या फॉर्मवर शिखांसाठी कोडच नव्हता. हिंदूंसाठीही नव्हता. 'इतर धर्म' मध्ये टाकायचं. ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात एका पगडीधारी शीख माणसाला त्याच्या पेट्रोल पंपावर गोळी घातली, तेव्हापासून शीख संघटना वेगळ्या नोंदीची मागणी करत होत्या. एफबीआयच्या हिशेबात मुस्लिमविरोधी घटना २००० मध्ये २८ होत्या, २००१ मध्ये ४८१ झाल्या. त्या लाटेत शिखांवर किती हल्ले झाले हे त्या हिशेबातून काढताच येत नाही.

ओक क्रीकनंतर दीड महिन्याने सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. आई गमावलेला एक अठरा वर्षांचा मुलगा तिथे बोलला. माझ्या आईला निदान आकडेवारीत मोजलं जाण्याचा मान द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. मी ते ऐकलं त्या दिवशी स्वयंपाकघरात उभी होते, खाली बसले.

२०१५ पासून शीख, हिंदू, अरब आणि आणखी काही गट वेगळे मोजायला सुरुवात झाली. रातराणींनी सांगितलेले ८४ आणि ८५ हे कोड तिथून आलेत. त्या दोन आकड्यांमागे ही माणसं आहेत.

बिनसावलीचं_झाड | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

मी वर जे लिहिलं ते थोडं घाईत लिहिलं होतं. शिक्षा आणि नोंद यांतला फरक माझ्या लक्षात नव्हता. एक शंका मात्र आहे. शीख माणसाला मुस्लिम समजून मारलं, तर कोड कोणता?

रातराणी_व | १६ ऑक्टोबर, दुपारी १:५५

मारणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघायचं. मुस्लिम समजून मारलं असं पुराव्यावरून दिसलं तर २४, बळी मुस्लिम नसला तरी. गैरसमज झाला म्हणून द्वेषगुन्हा रद्द होत नाही, असं एफबीआयच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. एका गुन्ह्याला एकाहून अधिक कोडही लावता येतात, पाचपर्यंत. पण तुमच्या प्रश्नातली मेख खरी आहे, कारण बहुतेक वेळा मारणारा काहीतरी ओरडतो आणि पळून जातो. ते शब्द जसेच्या तसे लिहिलेले असले तरच काही ठरवता येतं.

वकील_मीरा | १६ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

कोर्टात सिद्ध झालं की आकड्यात आपोआप येतं, असा एक समज असतो. तसं नाही. टल्सा इथे ऑगस्ट २०१६ मध्ये खालिद जबारा या लेबनीज वंशाच्या माणसाचा शेजाऱ्याने खून केला. शेजारी कित्येक वर्षं त्या कुटुंबाला त्रास देत होता, आधी खालिदच्या आईच्या अंगावर गाडी घातली होती. खटला द्वेषगुन्ह्याच्या कलमासह चालला, दोषी ठरला. एफबीआयच्या आकडेवारीत हा खून नव्हता. शार्लट्सव्हिलमध्ये २०१७ च्या ऑगस्टमध्ये गोऱ्यांच्या वर्चस्ववाद्यांना विरोध करणाऱ्या निदर्शकांवर एकाने गाडी घातली, त्यात हेदर हेयर गेली. साऱ्या जगाने ते पाहिलं. तोही त्या वर्षीच्या आकड्यांत नव्हता.

या दोघांच्या नावाने केलेल्या तरतुदी मे २०२१ च्या कोविड द्वेषगुन्हे कायद्यात आल्या. नव्या पद्धतीवर येण्यासाठी, प्रशिक्षणासाठी, राज्यांच्या मदतवाहिन्यांसाठी अनुदान. पण आकडे देणं केंद्राने अजूनही बंधनकारक केलेलं नाही. साउथ कॅरोलायना आणि वायोमिंग या दोन राज्यांत तर द्वेषगुन्ह्याचा राज्य कायदाच नाही. तिथला अधिकारी जे कलम राज्यात नाही त्याचा रकाना भरेल का, विचार करा.

नवी_पालवी | १६ ऑक्टोबर, रात्री ९:००

मी विद्यार्थिनी आहे, दीड वर्ष झालं येऊन. सगळं वाचतेय. आमच्या वसतिगृहात एका मुलीच्या खोलीच्या दारावर असंच काही लिहिलं होतं, तिने पुसून टाकलं आणि विषय संपवला. तिला काय सांगू? असं झालं तर नेमकं काय करायचं?

रातराणी_व | १६ ऑक्टोबर, रात्री १०:१२

पालवी, पुसण्याआधी फोटो. जवळून एक, लांबून एक, म्हणजे कुणाचं दार ते कळेल. मग शब्द जसेच्या तसे लिहून काढायचे, कितीही घाण असले तरी. पोलिसाला सांगताना लाजेने 'वाईट बोलला' असं सांगतो ना आपण, तिथेच सगळं हरवतं. आपल्या बायका तर शिवी तोंडातून काढतच नाहीत. तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर लिहून द्या आणि 'हे रिपोर्टमध्ये असंच घ्या' म्हणून सांगा.

त्या दिवशी काही विशेष होतं का? सण, एखाद्या हल्ल्याची बातमी, निवडणूक? आजूबाजूला आणखी कुणाकडे असं झालं का? फक्त आपल्याच लोकांची दारं निवडली होती का? अधिकारी याच गोष्टी बघतो, पण त्याला त्या माहीत नसतात. सण तर त्याला कुठून कळणार.

'तुम्ही यावर पूर्वग्रहाचा संशय अशी खूण करणार का?' हे सरळ विचारायचं. भांडण नाही, नुसतं विचारायचं. रिपोर्टचा क्रमांक घ्यायचा, प्रत मागायची. काही सुटलं असेल तर पुरवणी जबाब देता येतो, आठवड्याने, महिन्यानेसुद्धा. ओंजळताई, हे तुमच्यासाठीही आहे.

विद्यापीठात आणखी एक वाट आहे. क्लेरी कायद्याखाली केंद्राची मदत घेणाऱ्या कॉलेजांना आवारातल्या गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावे लागतात, त्यात द्वेषगुन्हे वेगळे असतात आणि दारावरची नासधूसही त्यात धरतात. हे मात्र ऐच्छिक नाही. तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, अजूनही कळव.

नवी_पालवी | १६ ऑक्टोबर, रात्री १०:२०

तिच्याकडे फोटो आहे! आईला पाठवायला काढला होता म्हणे. उद्या दोघी जाऊ.

ओंजळ | २५ ऑक्टोबर, रात्री ८:४५

मंडळी, उशिरा लिहितेय. सोमवारी काकू, त्यांचा मुलगा आणि मी शेरीफच्या ऑफिसात गेलो. रातराणींनी सांगितलं तसं सगळं कागदावर लिहून नेलं होतं. काकूंनी ती शिवी स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात लिहिली. मी लिहिते म्हटलं तर नको म्हणाल्या.

तोच डेप्युटी भेटला. त्याने कागद वाचला आणि थोडा वेळ काही बोलला नाही. मग तोरणाबद्दल विचारलं, ते काय असतं, का लावतात. काकूंनी त्याला सांगितलं, मी भाषांतर केलं. गणपती होते त्या आठवड्यात, म्हणून नवीन बांधलं होतं. हे त्याने लिहून घेतलं. त्या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या दाराला काही झालं नव्हतं, हेही घेतलं.

आज पुरवणी रिपोर्ट हातात आला. दारावरचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात. तोरणावर तीन ओळी.

रातराणी_व | २५ ऑक्टोबर, रात्री ८:५८

कोड?

ओंजळ | २५ ऑक्टोबर, रात्री ९:०४

खिडकीवरच्या बाईंना विचारलं. ८८ काढलाय, सध्या ९९ आहे. सार्जंटकडे गेलंय, ते पुढच्या आठवड्यात बघतील. काकूंनी रिपोर्टचा क्रमांक आणि फोन नंबर फ्रिजवर लावलाय, बुधवारी सकाळी नऊला फोन करायचा आहे.